समासातला फिडेल

येत्या गुरुवारी, १३ ऑगस्टला, फिडेल कॅस्ट्रोच्या जन्माला शंभर वर्षं होतील. मोंकाडा, ग्रान्मा, सिएरा माएस्त्रा, दाढी आणि चिरूट हे सगळं या आठवड्यात ठिकठिकाणी छापून येईल, त्याची उजळणी इथे करत नाही. क्रांतिवीर की हुकूमशहा, हा वादही रंगेल. त्यापेक्षा माझ्या टेबलावर पडलेलं एक जुनं पुस्तक मला जास्त बोलकं वाटतं.

पुस्तक अरुण साधूंचं, 'फिडेल, चे आणि क्रांती'. 'सिंहासन'कार साधू सगळ्यांना माहीत आहेत, पण सत्तरच्या दशकात चळवळीत उतरलेल्या पोरांना आधी हे साधू भेटले होते. २०१७च्या सप्टेंबरमध्ये ते गेले, तेव्हा त्या पिढीतल्या कितीतरी जणांनी पहिली आठवण याच पुस्तकाची काढली. माझ्याकडची प्रत लोअर परळची, डिलाईल रोडवरच्या एका चाळीतल्या मोफत वाचनालयाची. खाकी कागदाचं कव्हर, जाड दोऱ्याने टाचलेली पाठ आणि आत पानोपानी समासात वाचकांची मतं. मी तीन हात मोजले आहेत: शिसपेन्सिल, निळं बॉलपेन आणि लाल शाई. एखाद्या चरित्रावर वाचक काय म्हणाले, याचा एवढा जिवंत पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

पेन्सिलवाला भारावलेला आहे. ग्रान्मा बोटीतून ८२ जण निघाले, डिसेंबर १९५६ मध्ये किनाऱ्याला लागले आणि हुकूमशहा बातिस्ताच्या फौजेने त्यांची पार दाणादाण उडवली. डोंगरात पोचले ते मूठभर. आख्यायिका बारांचा आकडा सांगते, अभ्यासक वीसच्या आसपास म्हणतात. त्या मजकुराशेजारी पेन्सिलीने लिहिलंय, "सातांत युनियन, बारांत क्रांती." हे फक्त कामगारालाच सुचू शकतं. ट्रेड युनियन कायद्याप्रमाणे त्या काळी संघटना नोंदवायला सात माणसं पुरत. तो कायदाही १९२६चाच, म्हणजे फिडेलच्या जन्मवर्षातला.

हे वाचन कसल्या दिवसांत चाललं होतं, तेही ध्यानात घ्यायला हवं. ५ जून १९७० ला लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला. पोटनिवडणूक शिवसेनेने जिंकली आणि विधानसभेत सेनेचा पहिला आमदार गेला. लाल बावट्याचा बालेकिल्ला ढासळत होता, आणि अशा वेळी चाळीच्या जिन्यात चाळीस वॉटच्या दिव्याखाली कुणीतरी एका बेटावर जिंकलेल्या माणसाची गोष्ट वाचत होतं. त्या पेन्सिलीतला उत्साह मला अगदी समजतो.

पण निळं बॉलपेन वेगळ्या माणसाचं. जिथे बातिस्ता पळतो, १ जानेवारी १९५९ उजाडतो आणि हवाना जल्लोषात बुडतं, तिथे समासात दोनच शब्द आहेत: "निवडणूक कधी?" त्याच्याखाली लाल शाईत उत्तर, "आधी आपल्या गिरणीत घ्या."

या दोन ओळींवर मी कित्येक दिवस अडकून होतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. पंचवीस टक्के सभासद दाखवले की एक संघटना सगळ्या कामगारांची 'प्रातिनिधिक' ठरायची आणि मालकांशी बोलणी फक्त तिनेच करायची. तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. आमचा प्रतिनिधी गुप्त मतदानाने ठरवा, अशी कामगारांची मागणी होती, आणि ती कधीच मान्य झाली नाही. निळ्या शाईतला प्रश्न विचारणाऱ्याला आपल्या नावाने दुसरंच कुणी बोलतं तेव्हा काय वाटतं, हे रोज पहिल्या पाळीला अनुभवायला मिळत होतं. म्हणून हवानातल्या जल्लोषातही त्याला नेमकी उणीव दिसली.

आणि इतिहासाने त्यालाच बरोबर ठरवलं. सत्ता हाती आली तेव्हा फिडेलने निवडणुकांचं आश्वासन दिलं होतं. वर्ष-दीड वर्षातच 'निवडणुका कशाला?' हीच घोषणा झाली. १९७६ मध्ये राष्ट्रीय सभा आली, पण पक्ष एकच. १९६५ ते ६८ या काळात समलिंगी आणि काही धर्मपंथांच्या लोकांना लष्करी शिस्तीच्या श्रमछावण्यांत डांबलं गेलं. समलिंगींवरच्या त्या अन्यायाची जबाबदारी फिडेलने २०१० मध्ये मेक्सिकोच्या 'ला होर्नादा' दैनिकाच्या मुलाखतीत स्वतःवर घेतली. मार्च १९७१ मध्ये कवी एबेर्तो पादिया पकडला गेला. महिन्याभराने लेखकांच्या सभेत उभं राहून त्याने स्वतःच्याच विरोधात कबुली दिली, आणि सार्त्रसारखे कालपर्यंतचे चाहते हादरले. आमच्याकडे मात्र याच दशकात फिडेल डोक्यावर घेतला जात होता.

फिडेलने निरक्षरांना वाचायला शिकवलं, हे कुणीही नाकारू नये. १९६१ची साक्षरता मोहीम हे विसाव्या शतकातलं मोठं काम आहे. लाखभर शाळकरी मुलं-मुली खेड्यापाड्यांत गेली आणि वर्षभरात निरक्षरता सुमारे २३ टक्क्यांवरून चारच्या खाली आली. पण शिकवल्यानंतर काय वाचायचं, ते सरकार ठरवू लागलं. माझ्या लेखी तो हुकूमशहा होता. त्याच्या शाळा आणि दवाखाने मनापासून मोजूनही मी हाच शब्द वापरतो.

क्यूबाचीच एक गोष्ट मला यात राहून राहून आठवते. तिथल्या चिरुटांच्या कारखान्यांत १८६५ पासून 'लेक्तोर' असतो. उंच आसनावर बसलेला वाचक सकाळी वर्तमानपत्र आणि नंतर कादंबरी मोठ्याने वाचतो, आणि शेकडो माणसं खाली मान घालून तंबाखूची पानं वळतात. त्याचा पगार कामगार आपल्या खिशातून भरत. पुढची कादंबरी कुठली, यावर चक्क मतदान व्हायचं. 'माँटेक्रिस्टो' या चिरुटाचं नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून आलं, ते याच वाचनामुळे. आमच्या गिरणगावातही जेवणं आटोपल्यावर गाळ्यातला एक शिकलेला दैनिक 'मराठा' मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे मध्येच थांबवून वाद घालायचे. फिडेल जन्मायच्या साठ वर्षं आधी क्यूबाचा कामगार मत देऊन पुस्तक निवडत होता, ही एवढी एक गोष्ट जरी चरित्रांच्या पहिल्या प्रकरणात आली, तरी पुढची सगळी प्रकरणं वेगळी वाचली जातील.

क्यूबात आज फिडेलचा पुतळा नाही की त्याच्या नावाचा रस्ता नाही. त्याच्याच इच्छेवरून डिसेंबर २०१६ मध्ये तसा कायदा झाला. शंभरीला त्याला भेटायचं तर पुस्तकातच भेटावं लागतं. मराठी वाचकाने मात्र पूर्वार्धच भक्तीने वाचला आणि १९५९च्या जल्लोषावर पुस्तक मिटलं. उत्तरार्धाचा प्रश्न निळ्या बॉलपेनाने विचारून ठेवला होता, त्याच्यावर कुणी परिसंवाद घेतला नाही.

लाल शाईचं अक्षर मी ओळखतो. ते माझ्या काकांचं. साच्यावर काम करणाऱ्या माणसाचा हात जड होतो असं ते म्हणत, आणि त्यांचा 'ड' कायम ओळीखाली उतरायचा. चेच्या पानावर त्यांचीच आणखी एक ओळ आहे: "चे पण डॉक्टर, आमचे पण डॉक्टर." आमचे म्हणजे कामगारनेते दत्ता सामंत. ही ओळ संपापूर्वीची असावी, कारण तिच्यात अजून हुरूप आहे. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरण्यांतला तो कायदा रद्द करा, ही त्यांच्या मागण्यांमधली एक होती. फेब्रुवारीत काका ट्रंक घेऊन गावाला गेले, आणि पुस्तक ट्रंकेतच राहिलं.

वाचनालय चाळीबरोबरच गेलं. पुस्तकाच्या शेवटच्या पानाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीची तारीख आहे, २३ जानेवारी १९८२.