छपराचें हमीपत्र : घरमालकानें काय पाहावें ?

पूर्वीं आपल्या ठाणे जिल्ह्यांत मृगाआधीं घर शाकारण्याची वहिवाट होती. फुटकें कौल बदललें, कुजका वासा काढला, कीं चार महिने निश्चिंती. त्या कामास लेखी हमी अशी नव्हती. शाकारणाराचा हात हीच हमी. आतां कल्याण-डोंबिवलीकडे खेडोपाडीं रंगीत पत्र्याचीं छपरें झालीं आहेत, व पत्र्यासोबत पुष्कळदां कांहीं वर्षांचें हमीपत्रही मिळतें. तें पत्र काय देतें व काय देत नाहीं, हें शेतकरी बंधूंस ठाऊक असावें, म्हणून हा लेख.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, हमी दोन प्रकारची असते. एक कारखानदाराची, मालाबद्दल. दुसरी मिस्त्रीची, कामाबद्दल. पत्र्यास गंजून भोंक पडणें किंवा रंगाचे पोपडे निघणें, एवढ्यापुरतीच बहुधा पहिली असते. स्क्रूच्या भोकांतून अथवा दोन पत्र्यांच्या जोडांतून पाणी आल्यास तो बसविणाराचा दोष समजतात. आमच्या कोठीच्या छपरास दुसऱ्याच पावसाळ्यांत गळती लागून बियाण्याचें भात भिजलें, तेव्हां हें आम्हांस कळलें. विक्रेत्यानें मिस्त्रीकडे बोट दाखविलें. मिस्त्रीचें सारें बोलणें तोंडी. तीस वर्षें दुसऱ्यांचे कागद राखणाऱ्या आम्हीं स्वतःच्या छपराचा एक कागद करून घेतला नव्हता !

दुसरें, अपवादांचीं कलमें वाचावीं. बऱ्याच हमीपत्रांत गोठा व कोंबड्यांचें खुराडें वगळलेलें असतें. कारण शेणमुतांतून निघणारा अमोनिया पत्र्याचा लेप खातो. खाडीकाठची खारी हवा व रासायनिक कारखान्यांचा धूर यांसही पुष्कळदां वगळतात. सबब ठाणे खाडीजवळ अथवा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीलगत घर असणारानें हें आधींच विचारून लेखी घ्यावें. पत्रा कापतांना पडलेला लोखंडी कीस त्याच दिवशीं झाडून टाकावा. ओला चुना-सिमेंट पत्र्यास लागूं देऊं नये.

तिसरें, भरपाईचा हिशेब. कित्येक हमींत रक्कम वर्षागणिक घटते. ५०,००० रुपयांच्या पत्र्यास १० वर्षांची अशी हमी असून तो ७ वर्षांनीं गंजला, तर १५,००० रुपयेच पदरांत पडतात. मजुरी बहुधा आपल्याच अंगावर.

चौथें, हक्क कोठें मागावा ? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वयें, तक्रारीचें कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आंत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाहीं. जमीन विकून नव्या इमारतींत घर घेणारांस रेरा कायदा, २०१६ चा आधार आहे : ताब्यापासून ५ वर्षांच्या आंत बांधकामाचा दोष कळविल्यास विकासकानें तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो.

म्हणून पक्की पावती, शिक्का-तारखेचें हमीपत्र, पत्र्यावरील छापील मजकुराचें छायाचित्र व मिस्त्रीची लेखी हमी, हे चार कागद सातबाऱ्याच्या पिशवींत जपून ठेवावे. गळती दिसतांच तारखेसह लेखी कळवून पोंच घ्यावी. बियाणें भिजल्यावर कागद शोधूं लागणें व्यर्थ होय.