गेम अडकतो, तेव्हा दोष कुणाचा?

मागच्या आठवड्यात एका ताईंचा फोन आला होता. त्यांचा मुलगा सुट्टीत संगणकावर ऑनलाइन गेम खेळतो. रोज रात्री आरडाओरडा. "लॅग येतोय, मोठा रिचार्ज मार." ताईंनी दोनदा मारला, फरक शून्य. आता पोरगा म्हणतोय, गेमिंगचा महागडा राऊटर घे, गटातून कर्ज काढ. कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी विचारलंत, ताई, हे फार बरं केलंत.

खेळ चांगला की वाईट, किती वेळ खेळायचा, हे तुमचं घरात ठरवा. त्यावर मी आज बोलत नाही. पण ज्यांच्या घरी कुणी खेळत नाही त्यांनीही कान द्या. ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलताना आवाज तुटतो, गटाच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये एकीचं बोलणं दुसरीवर चढतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा याच जागी असतं.

तालुक्याला जाणारी एसटी डोळ्यांपुढे आणा. गाडीत पन्नास जागा असोत की पाच, तालुका गाठायला लागायचा तो पाऊण तास लागतोच. इंटरनेटचा 'स्पीड' म्हणजे गाडीतल्या जागा. आणि निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, त्याला म्हणतात 'पिंग'. तो मिलिसेकंदात मोजतात, म्हणजे एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले किती. पोरानं बटण दाबलं की निरोप कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि उत्तर येतं. निरोप एवढासा असतो. नुसता खेळ खेळायला तासाला साधारण शंभर एमबीच्या आसपास डेटा लागतो, सिनेमा बघायला त्याच्या कितीतरी पट. म्हणून मोठा पॅक मारला की जागा वाढतात, गाडी लवकर पोचत नाही.

आधी एक खात्री करून घ्या. इंटरनेट बंद ठेवून चालणारा एखादा जड गेमही तसाच धक्के खात चालतो का? चालत असेल तर दोष नेटवर्कचा नाही, संगणकाचा आहे. पंख्यात धूळ साचली असेल, यंत्र तापत असेल किंवा रॅम कमी पडत असेल. लोक इथंच फसतात आणि राऊटरवर पैसे घालतात.

दोष नेटवर्कचा वाटला तर मोजायला एक फुकटचं साधन संगणकातच आहे, त्याचंही नाव पिंग. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसानं १९८३ साली ते लिहिलं आणि पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या 'पिंग' आवाजावरून नाव दिलं. विंडोजमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' नावाची काळी खिडकी उघडायची. तिथं इंग्रजीत आयपीकॉन्फिग असं सलग टाइप करून एंटर दाबा. 'डिफॉल्ट गेटवे'समोर आकडे दिसतील, तो तुमच्या राऊटरचा किंवा हॉटस्पॉट दिलेल्या मोबाईलचा पत्ता. मग पिंग लिहा, एक जागा सोडा आणि तो पत्ता लिहा. पुढे जागा सोडून आडवी रेघ आणि टी हे अक्षर जोडलं, तर मोजणी चालूच राहते. कंट्रोल आणि सी एकत्र दाबले की थांबते. हे पोराकडूनच करून घ्या, पण आकडे तुम्ही वहीत लिहा.

घरातल्या घरातली ही फेरी पाच-दहा मिलिसेकंदांच्या आत व्हायला हवी. आकडा एकदम पन्नास, मग चार, मग दीडशे असा उड्या मारत असेल, तर लॅग घरातच जन्मतोय. कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही.

घरातली कारणं बघा. राऊटर लोखंडी कपाटामागं किंवा पत्र्याच्या कोठीशेजारी ठेवलेला असतो. धातू लहरी परतवतो, पाण्याची टाकी त्या शोषून घेते. राऊटर उंचावर, मोकळ्या जागी, शक्यतो घराच्या मध्यावर हवा. राऊटरवर २.४ आणि ५ अशी दोन नावं दिसत असतील आणि संगणक त्याच खोलीत असेल, तर ५ ला जोडा. दोन भिंती मध्ये असतील तर २.४ जास्त पोचतं, पण तिथं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असते. आणि या सगळ्यावर सोपा उपाय म्हणजे सरळ लॅन वायर. राऊटर ते संगणक वायर टाकली की अर्ध्या तक्रारी तिथंच मिटतात. ती नव्या राऊटरच्या मानानं फारच स्वस्त पडते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर खेळत असाल, तर हॉटस्पॉटऐवजी चार्जिंगच्या वायरनं फोन संगणकाला जोडून यूएसबी टिदरिंग चालू करा आणि फोन खिडकीत ठेवा.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. गिरणीत तुमचा पाच किलोचा डबा आहे, पण पुढच्या बाईनं दोन पोती ओतली, तर तुम्ही थांबणारच. तसंच घरातला एखादा फोन लग्नाचे व्हिडिओ गुपचूप गूगल फोटोजवर चढवत असतो, किंवा विंडोज स्वतःचं अपडेट ओढत असतं. पोराचा एवढासा निरोप त्यामागं रांगेत अडकतो. खेळाच्या किंवा मीटिंगच्या वेळी हे बंद ठेवून पुन्हा मोजा. फरक लगेच कळतो.

घरातले आकडे स्वच्छ असतील, तर आता बाहेर मोजा. राऊटरच्या पत्त्याऐवजी चार वेळा आठ, मध्ये टिंबं, म्हणजे ८.८.८.८ लिहा. हा गूगलचा पत्ता. आपल्याकडे वायरच्या इंटरनेटवर साधारण चाळीसच्या आत आणि मोबाईलवर ऐंशीच्या आसपास आकडा आला तर ठीक म्हणायचं. मधूनमधून 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' अशी ओळ आली, तर निरोप वाटेतच हरवतोय. दुपारी चाळीस आणि रात्री नऊला तीनशे असेल, तर टॉवरवर किंवा लाइनवर गर्दी होते आहे.

आणि हेही ठीक असलं तर गेममधली सेटिंग उघडून सर्व्हर कुठला निवडलाय ते बघा. 'व्हॅलोरंट'सारख्या काही गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. पोरं मित्रांच्या नादानं सिंगापूर निवडतात. मुंबई-सिंगापूर साधारण ३,९०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे तार अगदी सरळ गेली तरी जाऊन येऊन चाळीस मिलिसेकंद लागणारच. समुद्रातली तार सरळ जात नाही, म्हणून त्याहून जास्तच. कुठलाही महागडा राऊटर हे अंतर कमी करू शकत नाही.

कंपनीकडे तक्रार करायची वेळ आलीच, तर "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका. पलीकडचा माणूस राऊटर बंद करून चालू करायला सांगतो आणि फोन ठेवतो. तीन दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला लिहिलेले आकडे वाचून दाखवा. राऊटरपर्यंत तीन, बाहेर तीनशे, वायर लावून मोजलंय, असं म्हणा. मग तक्रार क्रमांक मागून त्याच वहीत टिपून ठेवा.