जुलाब थांबले, मग पायांतले बळ का गेले?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात अनेकांच्या पायांतले बळ अचानक जाऊ लागले. त्यांतल्या बऱ्याच जणांना काही दिवस आधी जुलाब-उलट्यांचा त्रास होऊन गेला होता. आजार होता गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे ‘जीबीएस’. रुग्णसंख्या पुढे दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले.

पण पोटातल्या जंतूचा पायांशी संबंध काय? पोलिओ आठवला तर फरक कळतो. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच मारतो. जीबीएसमध्ये हे काम आपलीच रोगप्रतिकारशक्ती करते. कॅम्पिलोबॅक्टरच्या आवरणातील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे दिसतात. जंतूसाठी तयार झालेली प्रतिपिंडे मग मज्जातंतूंवरच तुटून पडतात. कधी तंतूवरचे मायलिनचे आवरण सोलले जाते, कधी तंतूच दुखावतो. विषाणूंच्या बाबतीत नेमके कसे घडते, हे अजून तितके स्पष्ट नाही. तरीही झिका, डेंगी, चिकुनगुनियानंतर जीबीएस झाल्याच्या नोंदी आहेत. २०१३-१४ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात झिकाच्या साथीपाठोपाठ जीबीएसचे रुग्ण वाढले होते.

म्हणूनच इथे जंतू मारणारे औषध पुरेसे ठरत नाही. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे किंवा रक्तातील प्लाझ्मा बदलणे, हे दोन उपचार उपयोगी पडतात. सुरुवातीच्या दोन आठवड्यांत मिळाले तर अधिकच. प्रतिकारशक्तीच बिघडली म्हटल्यावर स्टिरॉइड चालेल असे वाटते, पण तोंडावाटे दिलेल्या स्टिरॉइडचा या आजारात फायदा होत नाही.

खरा धोका श्वासाचा. अशक्तपणा पायांकडून वर सरकत छातीच्या स्नायूंपर्यंत पोहोचला, तर व्हेंटिलेटर लागतो. साधारण चारपैकी एका रुग्णावर ही वेळ येते. जवाहरनगर किंवा भंडाऱ्याच्या खेड्यातील रुग्णाने त्यामुळे ‘तापाची कमजोरी असेल’ म्हणून सलाइन लावून घरी थांबू नये. ताप किंवा जुलाबानंतर दोन्ही पायांना मुंग्या येणे, जिना चढताना पाय लटपटणे, गिळायला त्रास होणे, ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठावे. गुडघ्यावर हातोडी मारून डॉक्टरांना बरेच काही कळते. जीबीएस एकापासून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांनी रुग्णाला टाळण्याचे कारण नाही. बहुतेक जण पुन्हा चालू लागतात, मात्र त्याला कधी महिने लागतात, कधी वर्ष.