सॅकमधली चूल

मुलांनो, डिसेंबर २०२४ मधली गोष्ट तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात वनखात्याने कॅमेरे लावले होते. त्यातल्या एका कॅमेऱ्यात चक्क पट्टेदार वाघ आला! आपल्या बालाघाटच्या डोंगरात वाघ? कुणाचा विश्वास बसेना. चौकशी झाली तेव्हा कळलं, की हा पाहुणा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला. शेकडो किलोमीटर पायी चालत आलेला. ना एसटी, ना सॅक, ना जेवणाचा डबा!

वाघाचं बरं असतं, त्याला शिजवून खावं लागत नाही. तुम्हा-आम्हाला लागतं. अमेरिकेत आणि युरोपात हरणांच्या शिकारीला जाणारे लोक पाठीवर सामान घेऊन चार-चार दिवस रानात राहतात, आणि बंदुकीइतकाच काथ्याकूट 'स्टोव्ह कुठला न्यायचा' यावर करतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि रानातली शिकार बंद झाली. झालं ते चांगलंच झालं. आता आपली शिकार दुर्बिणीची आणि कॅमेऱ्याची. पण त्यासाठीही पहाटे उठून डोंगर चढावाच लागतो. मग भूक लागते, आणि प्रश्न तोच उरतो. सॅकमध्ये चूल कुठली घालायची?

आधी माझी फजिती सांगतो. १९९४ च्या हिवाळ्यात आम्ही पाचजण नळदुर्गला गेलो होतो. बोरी नदी किल्ल्यातच अडवून बांधलेला तो पाणी महाल, १६१३ सालचा, तुम्ही पाहिला असेल. नसेल तर बाबांच्या मागे लागा. मुक्काम किल्ल्याबाहेर एका मित्राच्या शेतात होता. मी घरचा पितळी पंपाचा स्टोव्ह टॉवेलात गुंडाळून घेतला होता. वजन दीड-दोन किलो! टाकी रॉकेलने काठोकाठ भरलेली आणि वरची चकती नीट आवळलेली नाही. जीप खड्ड्यांतून अशी काही नाचली, की शेतात पोचेपर्यंत टॉवेल, ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी या सगळ्यांना रॉकेलचा वास. बरं, निदान चहा तरी करू, तर स्टोव्हचं भोक तुंबलेलं आणि पिन राहिली घरी! शेवटी मित्राच्या आईने तीन दगड मांडले, तुराट्या पेटवल्या आणि पंधरा मिनिटांत पिठलं पुढ्यात ठेवलं. वर म्हणाली, "लेकरांनो, एवढं लोखंड कशाला वागवत आणलं रे?"

स्टोव्ह पितळेचा होता, पण तिचं म्हणणं खरं होतं.

मात्र त्या पंपाच्या स्टोव्हला नावं ठेवू नका हं. तो मोठा इतिहासपुरुष आहे. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या स्वीडिश माणसाने १८९२ च्या सुमारास तो बाजारात आणला. नाव प्रायमस. रॉकेल आधी तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते, म्हणून काजळी जवळजवळ नाही. सालोमन आंद्रे नावाचा त्यांचा एक धाडसी संशोधक १८९७ साली बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला. बलूनमध्ये हायड्रोजन भरलेला. तिथे काडी ओढायची म्हणजे मरणच! म्हणून त्यांनी स्टोव्ह बलूनच्या पाळण्याखाली बऱ्याच अंतरावर दोरीने टांगायची युक्ती केली होती. बलून बर्फावर उतरलं, तिघेही परत आले नाहीत. तेहतीस वर्षांनी, १९३० मध्ये, त्यांचा तळ सापडला. स्टोव्हमध्ये अजून रॉकेल होतं आणि तो चालतही होता! १९५३ साली एव्हरेस्टवर, सुमारे ८५०० मीटर उंचीच्या शेवटच्या मुक्कामात हिलरीचे बूट रात्रीत गोठून दगड झाले, तेही त्याने स्टोव्हवर धरूनच मऊ केले. तेनसिंग आणि तो शिखरावर पोचले त्या दिवसाची सुरुवात अशी बूट भाजण्याने झाली होती.

आता गणित करू. वही घ्या. एक लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायचं. १००० ग्रॅम गुणिले ७५ अंश, म्हणजे ७५,००० कॅलरी. एक ग्रॅम स्वयंपाकाचा गॅस जळून साधारण ११,००० कॅलरी देतो. म्हणजे सात ग्रॅम गॅस पुरे? नाही. अर्धी उष्णता भांड्याच्या बाजूने निघून जाते. तेव्हा चौदा ग्रॅम धरा. रॉकेल पंधराच्या आसपास. स्पिरिट कमी उष्णता देतं, ते चोवीस ग्रॅम. आणि लाकूड? वाळलेलं लाकूड ग्रॅमला ४००० कॅलरी देतं खरं, पण तीन दगडांच्या उघड्या चुलीत दहा भागांतला जेमतेम एक-दीड भाग भांड्यापर्यंत पोचतो. दीडशे ग्रॅम तरी लागतंच. पण गंमत बघा, ते पाठीवरून न्यावं लागत नाही!

म्हणूनच दुकानात 'सर्वांत हलका स्टोव्ह दाखवा' असं म्हणणं चूक. वजन मोजायचं ते स्टोव्ह, इंधन आणि भांडं या तिघांचं मिळून. आणि त्याच्याही आधी ठरवायचं, शिजवणार काय? तूरडाळीचं वरण उघड्या पातेल्यात तासभर रटरटतं, सगळं इंधन खाऊन टाकतं. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंच आहे, त्यामुळे तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळीला आणखी थोडा वेळ लागतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर तर ते सत्तर अंशांच्या आसपासच उकळेल. तिथे डाळ शिजतच नाही म्हणा ना! उलट पिठलं दहा मिनिटांत होतं. मूगडाळीची खिचडी आधी भिजवून ठेवली तर पटकन होते. भाकरी घरून. आपल्या आज्यांनी प्रवासाचा विचार शास्त्रज्ञांच्या आधी करून ठेवला आहे.

आता एकेक चूल बघू.

गॅसचा छोटा बर्नर तुमच्या मुठीत मावतो. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. तो गॅसच्या डब्यावर फिरवून बसवायचा. दोनशे तीस ग्रॅम गॅसचा एक डबा आम्हा पाचजणांना दीड दिवस सहज पुरला. धूर नाही, ठिणगी नाही, चावी फिरवली की आग बंद. एप्रिलमध्ये डोंगरावर गवत वाळून पिवळं झालेलं असतं. तेव्हा मोठ्यांच्या देखरेखीत हाच वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे. डब्यावर 'ब्युटेन' एवढंच लिहिलं असेल तर तो आपल्याकडच्या थंडीत चालेल. पण ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खालीच उकळतो. त्याहून जास्त थंडी पडली की त्याची वाफच होत नाही, स्टोव्ह रुसून बसतो. पुढे हिमालयात जाल तेव्हा आयसोब्युटेन आणि प्रोपेन मिसळलेला डबा घ्या. प्रोपेन उणे ४२ अंशांनाच उकळतो. दोन गोष्टी मात्र कधीही करायच्या नाहीत. वारा लागतो म्हणून बर्नर आणि डबा दोन्ही पत्र्याने चहूकडून झाकायचे नाहीत, डबा तापून फुटतो. आणि रिकामा डबा घरच्या सिलिंडरमधून भरून आणायचा नाही. 'आमच्याकडे एकजण भरून देतो' असं कुणी म्हणालं तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

स्पिरिटचा दिवा-स्टोव्ह अगदी साधा, बिघडायला त्यात काही नाहीच. आवाजही नाही, त्यामुळे पक्षी बघणाऱ्यांना आवडतो. पण त्याची ज्योत उन्हात दिसत नाही! विझला समजून कुणी वरून स्पिरिट ओततो आणि भडका उडतो. शिवाय बाजारातलं स्पिरिट विषारी असतं. मुलांच्या सहलीत मी तो नेत नाही.

हेक्सामिनच्या पांढऱ्या वड्या सैन्यातले जवान वापरतात. घडीच्या पत्र्याच्या स्टँडमध्ये वडी ठेवायची, काडी लावायची. चौदा ग्रॅमच्या एका वडीवर अर्धा लिटर पाणी तापतं. दोघांच्या चहाला छान. पाचजणांच्या खिचडीला मात्र वड्या लावता लावता कंटाळाल, आणि भांड्याच्या बुडाला चिकट काळा थर बसेल तो वेगळाच.

रॉकेलचं काय? रेशनवरचं निळं रॉकेल आता बहुतेक ठिकाणी मिळेनासं झालं आहे. पितळी स्टोव्ह माळ्यावर गेले, वातींचे नूतन स्टोव्हही गेले. तो विषय संपला.

थांबा, आई-बाबांनी वाचावं असं एक इथेच सांगतो. आगगाडीत स्टोव्ह, गॅस, रॉकेल, पेट्रोल असलं काही घेऊन चढायला कायद्याने बंदी आहे. पकडलं तर दंड आणि कैदसुद्धा होऊ शकते. एसटीतही ज्वालाग्राही वस्तू चालत नाहीत. म्हणजे येडशी स्टेशनवर उतरून भटकायचा बेत असेल, तर वर सांगितलेलं एकही इंधन सॅकमध्ये चालणार नाही. गाडीत भरलेल्या दोन-अडीचशे माणसांचा जीव तुमच्या चहापेक्षा मोठा आहे.

मग उरली कोणती? डब्याची चूल! दुधाच्या पावडरीचे दोन पत्र्याचे डबे घ्या, एक मोठा, एक लहान. रंगाचा डबा नको, जस्ताचा मुलामा दिलेलाही नको, तापल्यावर त्यांचा धूर बाधतो. लहान डब्याच्या बुडाला भरपूर भोकं, आणि वरच्या काठाखालीही भोकांची एक रांग. मोठ्या डब्याला खालच्या बाजूने भोकं. मग लहान डबा मोठ्यात असा बसवायचा, की मध्ये बोटभर पोकळी राहील. पत्रा कापायचं काम बाबांचं किंवा दादाचं, तुम्ही बोटं सांभाळा. होतं काय, तर धूर म्हणजे न जळलेलं इंधनच असतं. दोन डब्यांच्या पोकळीतून हवा तापून वर येते, वरच्या भोकांतून आत शिरते आणि तो धूरच पेटतो. वर निळसर-पिवळ्या ज्योतींचं गोल कडं दिसतं. सरपण? मूठमूठभर तुराट्या, पऱ्हाट्या, ज्वारीची चिपाडं. मराठवाड्याच्या कुठल्याही बांधावर ती पडलेली असतात, फक्त शेतमालकाला विचारून घ्यायची. जिवंत झाडाची फांदी तोडायची नाही. आणि भांड्याला बाहेरून मातीचा लेप द्या, काजळी धुताना रडावं लागणार नाही.

डबे करायचे नसतील तर पुण्याच्या 'आरती' या संस्थेचा सराई कुकर पाहा. डॉ. आनंद कर्वे यांच्या या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत काढली, त्यासाठी तिला २००२ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. या कुकरमध्ये शंभर ग्रॅम कोळशावर चार-पाच माणसांचा वरणभात वाफेवर शिजतो. पाठीवर न्यायला जरा अवजड, पण शेतातल्या मुक्कामाला झकास.

कुठलीही चूल असो, ती तंबूत पेटवायची नाही. पाऊस असो, थंडी असो. १९३४ साली अंटार्क्टिकावर रिचर्ड बर्ड हा दर्यावर्दी एकटा एका झोपडीत राहत होता. स्टोव्हचा धूर नीट बाहेर जात नव्हता. कार्बन मोनॉक्साइडने तो मरता मरता वाचला. या वायूला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, झोप येते, बस्स.

आणि अभयारण्यात किंवा किल्ल्याच्या आत चूल नाही म्हणजे नाही. येडशीच्या जंगलात, नळदुर्गच्या तटावर, धाराशिवच्या लेण्यांजवळ जाताना डब्यात भाकरी-ठेचा न्या. चूल बाहेर, शेतात. जागा निवडताना आधी दोन हात चौफेर गवत काढायचं, जवळ पाण्याची बादली ठेवायची, मगच काडी. वारा सुटला असेल तर पेटवायचीच नाही. बालाघाटात वणवा लागला की कोल्हा, ससा, तितराची अंडी, कुणालाच पळायला सवड मिळत नाही.

निघण्यापूर्वी एका रविवारी गच्चीवर किंवा अंगणात, घरच्या मोठ्यांना जवळ बसवून, एक लिटर पाणी उकळून बघा. घड्याळ लावा, किती इंधन लागलं ते तराजूवर मोजा, वहीत लिहा. मागच्या दिवाळीत माझ्या भाच्याने हे केलं. त्याच्या डब्याच्या चुलीला अकरा मिनिटं आणि ऐंशी ग्रॅम तुराट्या लागल्या. मग आम्ही येडशीजवळच्या ओळखीच्या शेतात गेलो, एसटीने, खिशात फक्त काडेपेटी. वाघ काही दिसला नाही. दोन मोर दिसले. पिठलं थोडं करपलं. निघताना भाच्याने राखेवर दोन तांबे पाणी ओतलं, हात लावून पाहिला आणि म्हणाला, "मामा, अजून कोमट आहे." मग आम्ही आणखी दोन तांबे ओतले, आणि पाच वाजताची एसटी चुकली.