बावीस वर्षं टिकणारा नकाशा

अकोल्याच्या जठारपेठेत घराचा नकाशा काढून घ्यायला गेलं की पडद्यावर बहुधा ऑटोकॅडच उघडलेलं असतं. त्यामुळे घरी बांधायच्या विमानाचं वायरिंग कशात काढावं, हा प्रश्न इथल्या एखाद्या अभियांत्रिकीच्या पोराला पडलाच, तर उत्तर त्याच्या तोंडात तयार असतं. प्रश्न कोणाला हवेतला वाटेल. शिवणीचा विमानतळ 1943 पासून आहे, पण अकोल्याला विमानाची सवय काही लागली नाही. शेजारच्या अमरावतीतल्या बेलोऱ्याहून प्रवासी सेवा सुरू झाली तीही 16 एप्रिल 2025 ला. तरी घरी विमान बांधण्याचं काम महाराष्ट्रात झालेलं आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत, चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनी विमान बांधलं. पहिल्या प्रयत्नाला हात घातला 1998 मध्ये. फेब्रुवारी 2016 मध्ये तिसरं विमान ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात उभं राहिलं, नोव्हेंबर 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, ऑक्टोबर 2019 मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि चाचणी झाली 2020 मध्ये, धुळ्याला. म्हणजे एकूण बावीस वर्षं. त्यांतली किती बांधण्यात गेली आणि किती कागदपत्रांत, तो हिशेब निराळा. मला ही बावीस वर्षं मोजपट्टी म्हणून हवी आहेत. सॉफ्टवेअर निवडताना लोक चिन्हं किती, सोय किती, किंमत किती हे विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न एकच: विमान उडेल त्या दिवशी ही फाइल उघडेल का?

ही पट्टी लावून मागे पाहिलं की चित्र बरंच बदलतं. स्वस्तात सर्किट काढणाऱ्या हौशी मंडळींचं लाडकं ‘ईगल’ 1988 चं. 2016 मध्ये ते ऑटोडेस्कने विकत घेतलं, 2017 मध्ये ते वर्गणीवर गेलं आणि 2023 मध्ये कंपनीने त्याच्या अखेरची तारीखही सांगून टाकली, 7 जून 2026. खुद्द ऑटोकॅडची एकदाच पैसे भरून कायमची मिळणारी नवी प्रत 31 जानेवारी 2016 नंतर बंद झाली. यादवांचं विमान त्या प्रदर्शनात, वांद्रे-कुर्ला संकुलात, लोकांनी पाहिलं, त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी. ऑटोकॅडला फुकटचा पर्याय म्हणून अनेकांनी ‘ड्राफ्टसाइट’ घेतलं होतं. त्याची मोफत आवृत्ती 2019 संपताना थांबली. यांतलं काहीही वाईट सॉफ्टवेअर नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. मालक बदलला, धोरण बदललं, एवढंच. उलट, फ्रान्समध्ये 1992 मध्ये एका शिक्षकाने सुरू केलेलं ‘किकॅड’ हे सर्किट काढायचं मोफत सॉफ्टवेअर आजही चालू आहे. 2013 पासून त्याला सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचा हात लागला, आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातलं ‘ईसिम’ हे सर्किटचं साधन त्याच्याच आधाराने उभं आहे. ईगलच्या मरणातही एक धडा लपलेला आहे. 2012 मध्ये त्या कंपनीने फाइल साध्या वाचता येणाऱ्या मजकुरात ठेवायला सुरुवात केली होती. म्हणूनच 2018 च्या किकॅडला ईगलचे नकाशे थेट आत घेता आले. नकाशे वाचले ते फायलीच्या उघडेपणामुळे, कोणा कंपनीच्या मेहेरबानीमुळे नव्हे.

मग किकॅडच घ्यावं, यावर पहिला आक्षेप रास्त आहे. किकॅड हे छापील सर्किट बोर्डासाठी बनलं. विमानात बोर्ड कमी, तारा जास्त. तारेला जाडी असते, लांबी असते, क्रमांक असतो, दोन्ही टोकांना पिना असतात, मध्ये फ्यूज किंवा ब्रेकर असतो. किकॅडला त्यातली जोडणी कळते. जाडी-लांबी आपण भरायची. मान्य. पण साध्या ऑटोकॅडला तर तार कळतच नाही, त्याच्या लेखी ती नुसती रेघ. रेघ चुकीच्या पिनेला टेकली किंवा पिन मोकळी राहिली तर ते हूं की चूं करत नाही. किकॅडची तपासणी निदान मोकळी पिन दाखवते. ऑटोकॅडच्या इलेक्ट्रिकल अवताराला हे सगळं जमतं, पण मग वर्गणी आली, आणि आपण फिरून तिथंच. तारांसाठीच बनलेलं काही हवं असेल तर ‘क्यूइलेक्ट्रोटेक’ आहे, मोफत आणि उघड्या फायलींचं. 2020 मध्ये आलेलं ‘वायरव्हिझ’ तर साध्या मजकुरात लिहिलेल्या यादीवरून तारांच्या जुडग्याचं चित्र काढून देतं. मला तो मार्ग सर्वांत पटतो, कारण विमानात अखेर उपयोगी पडते ती यादीच. घरी बांधलेलं विमान धावपट्टीवर न्यायचं तर सहसा पंख सुटे करावे लागतात. पंखात दिवे, इंधनपातळीचे सेन्सर, पिटो नळीचा हीटर. हे सगळं पुन्हा जोडताना सुंदर चित्रापेक्षा ‘या क्रमांकाची तार या पिनेत’ ही ओळ हवी असते.

दुसरा आक्षेप वजनदार माणसाच्या नावाने येतो. अमेरिकेतल्या विचिटाचे बॉब नकल्स यांनी घरगुती विमानांच्या वीजव्यवस्थेवर एका पिढीला शिकवलं, आणि त्यांनी आपले नकाशे वाटले ते ऑटोकॅडच्याच फायलींत. पण त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट सॉफ्टवेअर नव्हे, एका यंत्रणेला एक पान ही शिस्त आहे. दिव्यांचं पान वेगळं, अल्टरनेटरचं वेगळं, इंधनपंपाचं वेगळं. ती कुठेही पाळता येते. ऑटोकॅडच हाताशी असेल तर डीएक्सएफ स्वरूपात एक प्रत ठेवावी. तो मजकूर आहे, दुसरी साधनं तो उघडतात.

तिसरा आक्षेप हसून टाळावासा वाटतो, पण टाळू नये: एवढा खटाटोप कशाला, पेन्सिलीने काढा. वऱ्हाडातल्या शेतावर मोटरपंपाच्या स्टार्टरची पेटी उघडली तर झाकणाच्या आत कागदी नकाशा चिकटवलेला सापडतो. धूळ खातो, पिवळा पडतो, तरी वायरमनला पुरतो. माझ्या पट्टीवर कागद पहिला नंबर मिळवतो. अडतो तो दुरुस्तीला. बांधणी लांबली की रेडिओ बदलतो, मीटरांच्या जागी पडदा येतो, आणि एका पिनेच्या बदलासाठी चार पानं खोडावी लागतात. मग एका पानावर नवा क्रमांक चढतो आणि दुसऱ्यावर जुनाच राहतो. म्हणून दुरुस्ती फायलीत करावी, प्रत्येक दुरुस्तीला तारीख टाकावी, आणि शेवटची छापील प्रत स्टार्टरच्या झाकणासारखी विमानातच ठेवावी.