दार उघडण्याआधीची वर्दळ

तरही मुशायरा ही आम्हा गझल लिहिणाऱ्यांच्या घरची जुनी रीत. मुशायऱ्याच्या काही दिवस आधी एक मिसरा, म्हणजे शेराची एक ओळ, जाहीर केली जाते. त्या ओळीची जमीन घेऊन प्रत्येक शायरानं आपली गझल लिहून आणायची. वरवर पाहता ही ओळ शायरांसाठी असते. पण ती ऐकणाऱ्यांच्याही कानावर गेलेली असते. चहाच्या टपरीवर चर्चा सुरू होते, अमक्या रदीफला तमका काफिया कोण बांधतो बघू, अशा पैजा लागतात. मुशायरा त्या रात्री सुरू होतो हे खरं, पण त्याचा श्रोता कितीतरी आधीपासून तयार होत आलेला असतो.

आजचा माझा विषय मात्र गझल नाही. विषय आहे नवीन वेबसाइट सुरू करण्याचा, आणि ती सुरू होण्याआधीच तिच्यासाठी वाचक जमवण्याचा. एका कवीचा या गोष्टीशी काय संबंध, असं कुणाला वाटेल. संबंध असा की, आम्ही चार-पाच मित्र आमच्या भागातल्या जुन्या कवींच्या हस्तलिखित वह्या आणि ध्वनिफिती गोळा करत आहोत. त्या वेबसाइटवर ठेवायच्या आहेत. वह्या देणाऱ्यांत ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आहेत. पतीच्या दोन वह्या हाती देताना त्या एवढंच म्हणाल्या, "बाबांनो, कपाटात माझ्याकडेही होत्याच. तुमच्याकडे तरी कुणी वाचेल का?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. वेबसाइट म्हणजे दुसरं कपाटच ठरणार असेल, तर एवढा खटाटोप कशासाठी?

आपल्याकडे वेबसाइटचं उद्घाटन होतं, पाहुणे बटण दाबतात, टाळ्या होतात, दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. तिसऱ्या दिवसापासून सामसूम. कारण सरळ आहे. रस्त्यावरचं दुकान येता-जाता दिसतं. वेबसाइटला रस्ताच नसतो. कुणी पत्ता सांगितल्याशिवाय किंवा शोधयंत्रानं दाखवल्याशिवाय तिथं कुणी पोचत नाही.

आता ही शोधयंत्रं काम कशी करतात ते पाहू. गूगलसारख्या कंपनीचे संगणक एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर असे सतत फिरत असतात. दिसलेला मजकूर ते नोंदवून ठेवतात आणि आपण शब्द टाकला की त्या नोंदवहीतून उत्तर काढून देतात. नव्या वेबसाइटकडे बोट दाखवणारा दुवा कुठंच नसेल, तर तिचा पत्ता त्यांना लागायला वेळ जातो. कधी काही दिवस, कधी काही आठवडे. म्हणून जाणकार सांगतात की, संपूर्ण वेबसाइट तयार होण्याची वाट पाहू नका. नाव नोंदवा आणि एक पान लगेच वर ठेवा. त्या पानावर नुसतं 'लवकरच येत आहोत' असं लिहून भागत नाही. काय येणार आहे, कुणासाठी येणार आहे, हे चार ओळींत सांगावं, एखादा नमुना द्यावा आणि ज्याला कळवावंसं वाटेल त्याला ई-मेलचा पत्ता नोंदवता येईल अशी एक चौकट ठेवावी.

यात मराठीपुरती एक मेख आहे. डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर तसाच उचलून वर चढवला, तर संगणकाच्या दृष्टीनं ती नुसती रोमन अक्षरांची खिचडी असते. तो युनिकोडमध्ये आणावा लागतो. वहीच्या पानाचा फोटो ठेवला तर डोळ्यांना छान दिसतो, पण शोधयंत्राला त्यातली कविता सापडेलच याची खात्री नसते. सोबत टंकलेली संहिता हवी. पत्त्याचंही तसंच. २०१४ पासून '.भारत' हा देवनागरी पत्ता घेता येतो. पण मोबाइलवर रोमन अक्षरं टंकणारेही पुष्कळ आहेत, तेव्हा दोन्ही लिप्यांतला पत्ता असलेला बरा.

वाचक आधी कसे जमवायचे? याची काही उदाहरणं अमेरिकेतली आहेत. मिंट नावाची, घरखर्चाचा हिशेब ठेवायला मदत करणारी एक सेवा सप्टेंबर २००७ मध्ये सुरू झाली. सेवा तयार होत होती तेव्हाच त्या मंडळींनी पैशाच्या व्यवहाराबद्दल तरुणांना कळेल अशा भाषेत लेख द्यायला सुरुवात केली होती. कर्ज कसं फेडावं, बचत कशी करावी, असे रोजचे प्रश्न. लेख वाचायला आलेला माणूस सेवेची वाट पाहू लागला. दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, इन्ट्यूट या कंपनीनं मिंट सुमारे १७ कोटी डॉलरना विकत घेतली. पुढे मार्च २०२४ मध्ये ती बंदही झाली, पण तिच्या सुरुवातीचा धडा शिल्लक आहे. आधी काहीतरी द्यावं, मागणं नंतर.

दुसरं उदाहरण ड्रॉपबॉक्सचं. आपल्या फायली एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पोचवणारी ही सेवा. नुसत्या वर्णनानं ती लोकांना समजेना. तेव्हा संस्थापक ड्र्यू ह्यूस्टन यांनी सुमारे तीन मिनिटांचा एक व्हिडिओ तयार केला आणि २००८ मध्ये तंत्रज्ञानाची आवड असलेल्या लोकांपुढे ठेवला. त्यात त्या मंडळींनाच कळतील असे विनोद पेरले होते. प्रतीक्षायादीत पाच हजारांच्या आसपास नावं होती, ती एका रात्रीत पंचाहत्तर हजारांवर गेली. आणि सेवा तेव्हा सर्वांसाठी खुलीसुद्धा झालेली नव्हती. इथं लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे व्हिडिओ 'सगळ्यांसाठी' नव्हता. कुणासाठी आहे हे पक्कं ठरलेलं होतं.

तिसरी रीत निमंत्रणाची. १ एप्रिल २००४ रोजी गूगलनं जीमेल जाहीर केलं. इतर मोफत सेवा दोन-चार मेगाबाइट जागा देत होत्या, तेव्हा जीमेल एक गिगाबाइट देणार होतं. तारीख पाहून अनेकांना ती एप्रिल फूलची थापच वाटली. पण खातं मिळायचं ते ओळखीच्या माणसाच्या निमंत्रणावरच. त्या निमंत्रणांचे लिलावसुद्धा झाले. सर्वांना मुक्त प्रवेश मिळाला तो २००७ मध्ये. या आमंत्रणपद्धतीमागे केवळ उत्सुकता वाढवण्याची युक्ती नव्हती. सुरुवातीला साऱ्या जगाला पुरेल एवढी यंत्रसामग्री त्या सेवेकडे नव्हती. जेवढी पानं वाढता येतील तेवढ्यांनाच बोलावणं, असा तो हिशेब होता.

हा हिशेब चुकला की काय होतं? ब्रिटनच्या सरकारी अभिलेखागारानं १९०१ च्या जनगणनेची कागदपत्रं २ जानेवारी २००२ रोजी वेबसाइटवर खुली केली. पणजोबांचं नाव शोधायला लोक इतक्या संख्येनं आले की वेबसाइट कोलमडली. ती पुन्हा नीट सुरू व्हायला त्याच वर्षीचा नोव्हेंबर उजाडला. युरोपातल्या ग्रंथालयांचा आणि संग्रहालयांचा ठेवा एकत्र दाखवणारी 'युरोपियाना' २० नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झाली आणि काही तासांत बंद करावी लागली. तासाला सुमारे एक कोटी हिट येत होते. दुरुस्त होऊन ती डिसेंबरात परत आली. या दोन्ही ठिकाणी माल अस्सल होता, म्हणून लोक परत आले. याच्या उलट गोष्ट 'कूल' या शोधयंत्राची. जुलै २००८ मध्ये गूगलला टक्कर देणार म्हणून ते गाजावाजात सुरू झालं. पहिल्याच दिवशी लोकांची झुंबड उडाली, पण उत्तरं विसंगत मिळाली. लोक फिरकेनासे झाले. सप्टेंबर २०१० मध्ये ते बंद पडलं. गर्दी लवकर जमली म्हणजे उणिवाही लवकर चव्हाट्यावर येतात.

मघाशी मी 'हिट' हा शब्द वापरला. तो समजून घ्यायला हवा, कारण त्याच्या आधारानं पुष्कळ फसवणूक चालते. एका पानावर मजकूर आणि वीस चित्रं असतील, तर ते पान एकदा उघडलं की एकवीस हिट नोंदले जातात. माणूस आला एकच. शिवाय येणाऱ्यांत माणसं किती आणि आपोआप फिरणारे संगणक किती, हेही पाहावं लागतं. 'अमुक रुपयांत दहा हजार भेटी मिळवून देतो' असं सांगणारे लोक आमच्याकडेही आले होते. असल्या भेटी म्हणजे टाळ्या वाजवायला भाड्यानं आणलेले श्रोते. मोजायचंच असेल तर तीन गोष्टी मोजाव्यात. आपण होऊन नाव किती जणांनी नोंदवलं, परत किती जण आले आणि दुसऱ्याला किती जणांनी सांगितलं.

नाव नोंदवणाऱ्याचा पत्ता ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, हेही विसरून चालणार नाही. कवितेसाठी घेतलेला पत्ता जाहिरातवाल्याला देणं हा विश्वासघात झाला. आपल्या संसदेनं २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. ज्याची माहिती त्याची संमती, हे तत्त्व त्याच्या मुळाशी आहे. म्हणून कशासाठी कळवणार, ते आधीच सांगावं आणि नको झालं तर नाव काढून घेण्याची सोय प्रत्येक पत्रात ठेवावी.

खरं तर हे सगळं मराठी माणसाला नवं नाही. आपले प्रकाशक प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करत आले आहेत. पुस्तक छापून होण्याआधी नोंदणी, कमी किंमत आणि त्या नोंदणीवरून किती प्रती छापायच्या याचा अंदाज. नारायणगावला चैत्रातल्या यात्रांच्या आधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पुढारी तिथं येऊन सुपाऱ्या देतात. खेळ गावात रंगण्याआधी प्रेक्षक असा बांधला जातो. वेबसाइटला लागतं ते हेच शहाणपण, फक्त साधनं निराळी.

आमच्यापुरतं आम्ही काय करत आहोत, तेही सांगतो. एक पान वर ठेवलं आहे. दर शुक्रवारी त्यावर एक कविता येते. वहीतल्या पानाचा फोटो, खाली टंकलेली संहिता आणि घरच्यांनी सांगितलेली दोन वाक्यं. ज्या गावचा कवी, त्या गावच्या शाळेला आणि वाचनालयाला आम्ही पोस्टकार्ड टाकतो. व्हॉट्सअॅपवर पाठवायची ती एकच ओळ आणि पत्ता. पूर्ण कविता वाचायला माणूस पानावर यावा म्हणून. एका शिक्षकानं कळवलं की, गावातल्या कवीच्या आणखी तीन वह्या एका माळ्यावर आहेत. म्हणजे वाचक येता येता मजकूरही येऊ लागला.

उद्घाटनाची तारीख आम्ही अजून ठरवलेली नाही. आजींची पहिली कविता वर गेल्यावर त्यांच्या नातीनं ती मोबाइलवर त्यांना दाखवली. खाली परगावच्या एका अनोळखी वाचकानं लिहिलं होतं, 'दुसरी कधी देणार?' तारीख कधीही ठरो, दुसरी कविता या शुक्रवारी द्यायची आहे. तिचं टंकलेखन चालू आहे.