चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांचा कोश

कोशांच्या प्रस्तावना वाचण्याचा मला जुना नाद आहे. एखादा शब्द बघायला मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे उघडावा आणि प्रस्तावनेतच अडकून पडावे, असे कितीदा तरी होते. त्यातही मदतनिसांच्या नावांचा परिच्छेद मला अधिक खेचून घेतो. या नादापायी डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाच्या मागे लागलो आणि तेव्हापासून विद्यापीठांच्या वार्षिक अहवालांतली प्राध्यापक-कर्मचाऱ्यांच्या कामगिरीची पाने पूर्वीसारखी वाचवेनात. यंदा कोणाचा शोधनिबंध छापून आला, कोणाला पुरस्कार मिळाला, कोण परदेशी परिषदेला जाऊन आले, असा तो हिशेब. एका वर्षाचा आणि एकेका माणसाचा. कॉलेजच्या येरवड्यातल्या आवारात पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जे चालले आहे, ते या हिशेबात मावत नाही.

डेक्कन कॉलेजचा १८२१पासूनचा इतिहास वाचकांना सांगायला नको. १९३४ साली सरकारने ते बंद केले, माजी विद्यार्थ्यांनी कोर्टात झुंज दिली आणि १९३९ साली ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. मानवशास्त्राच्या इरावतीबाई कर्वे, पुरातत्त्वाचे सांकलिया ही माणसे तेव्हाच आली. भाषाशास्त्राची बाजू सु. मं. कत्रे यांच्याकडे होती. कोकणी कशी घडली यावर पुस्तक लिहिणारा हा विद्वान. त्यांनी १९४८ साली कोशाचे काम हाती घेतले. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या संस्कृत वाङ्मयात प्रत्येक शब्द कधी, कुठे आणि कोणत्या अर्थाने आला, हे क्रमाने दाखवायचे होते. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथ निवडले. त्यांत वेद आणि काव्ये होतीच. शिवाय वैद्यक, गणित, शेती, पशुचिकित्सा, वास्तुशास्त्र, शिलालेख, अगदी घरात बसून खेळायच्या खेळांवरचे ग्रंथही होते. चाळीसेक विद्वान १९७३पर्यंत या ग्रंथांतले शब्द कागदी चिठ्ठ्यांवर टिपत राहिले. चिठ्ठ्या झाल्या सुमारे एक कोटी. सरळ भागाकार केला तरी माणशी वर्षाला दहा हजार पडतात. हे सगळे हाताने लिहिलेले.

चिठ्ठी लिहिणे म्हणजे कारकुनी, असा समज असेल तर ‘अग्नि’ हा एकच शब्द घ्यावा. वेदात तो देव आहे आणि विस्तवही. आयुर्वेदात तो पोटातला पाचक अग्नी होतो, आणि चित्रक या वनस्पतीलाही तेच नाव आहे. गणिताच्या किंवा ज्योतिषाच्या ग्रंथात तोच शब्द ३ हा आकडा सांगतो, कारण यज्ञातले अग्नी तीन. आता चिठ्ठीवर नुसता अर्धा चरण उतरवला, तर वीस वर्षांनी ती हातात घेणाऱ्या संपादकाला हा विस्तव की आकडा, हे कळायचे कसे? आणि मागचेपुढचे सगळेच उतरवले, तर ग्रंथ संपणार कधी? वाक्य कुठून उचलायचे, कुठे तोडायचे, टीकाकाराचे म्हणणे जोडायचे की नाही, हा निर्णय तिथल्या तिथे करायचा. तो ग्रंथ कळल्याशिवाय हे जमत नाही. माझ्या मते या कोशातली सर्वांत मोठी विद्वत्ता इथे खर्ची पडली आहे.

पहिला खंड निघाला १९७६ साली. कत्रे तोवर निवृत्त झाले होते. संपादक होते अ. मा. घाटगे, प्राकृताचे जाणकार. वारली, कुडाळी, गोव्यातली गावडी अशा बोलींचे सर्वेक्षण करून त्यांनी पुस्तके लिहिली होती. अशा माणसाला शब्दाची पुढची वाट दिसते. संस्कृतातला शब्द खाली बोलीत कुठे उतरला, हे त्याला ठाऊक असते. संपादक बदलत गेले आणि खंडांची संख्या ३५वर पोचली. या ३५ खंडांनी अजून ‘अ’ ओलांडलेला नाही.

यावर हसणारे पुष्कळ भेटतात. मला त्यांचा राग येतो, कारण त्यांनी संस्कृतचा ‘अ’ कधी पाहिलेला नसतो. नकारार्थी अ- आणि अन्- इथेच. अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे उपसर्गही इथेच, आणि त्यांच्यापासून झालेले सगळे शब्दही. मोनियर-विल्यम्सच्या तेराशेहून अधिक पानांच्या कोशातही एकट्या ‘अ’ने सुमारे सव्वाशे पाने घेतली आहेत. अर्थात हाच हिशेब उलटा लावला तर या गतीने काम पुरे व्हायला शतके लागतील, हेही मान्य करायला हवे. शिकागो विद्यापीठाने अक्कादी भाषेचा कोश १९२१ साली सुरू केला आणि २०११ साली संपवला. त्यांनी पहिला खंड १९५६ साली काढला, तो थेट ‘एच’ या अक्षराचा. वर्णमाला बाजूला ठेवून जे अक्षर तयार ते आधी छापायचे, ही त्यांची वाट मला शहाणपणाची वाटते. तिथेही संपादकांच्या पिढ्या बदलल्या, कडाक्याची भांडणे झाली, पण विद्यापीठाने नव्वद वर्षे खर्च थांबवला नाही.

आपल्याकडे डेक्कन कॉलेज १९९०पासून अभिमत विद्यापीठ आहे, म्हणजे तिथल्या माणसांचे मोजमाप विद्यापीठाच्याच मापाने होणार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत दोनांहून अधिक लेखकांचा निबंध असेल, तर मुख्य लेखकाला ७० टक्के गुण आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. कोशातल्या एका नोंदीत चिठ्ठी लिहिणारा, मसुदा करणारा, तपासणारा आणि शेवटचा हात फिरवणारा असे कितीतरी हात असतात आणि त्यांच्यात चाळीस-पन्नास वर्षांचे अंतर असते. यांतला मुख्य लेखक कोणता? बुद्धिमान तरुणाने वर्षभर ‘अभि’च्या चिठ्ठ्या लावत बसावे, असे या नियमांत काही नाही. त्याच वर्षात चार निबंध लिहिणाऱ्याची बढती आधी होते. कोशाला माणसे मिळत नाहीत अशी हळहळ सगळे करतात. त्याचे एक कारण मला इथे दिसते.

अलीकडे चिठ्ठ्या स्कॅन करण्याचे आणि संपादन संगणकावर आणण्याचे काम सुरू झाले आहे. अलीकडच्या काळात या संस्थेने केलेली ही मोठी कामगिरी, आणि तिचा पुरा फायदा घ्यावा. संपादित खंड सावकाश निघोत. पण ‘क’पासून ‘ह’पर्यंतच्या कच्च्या चिठ्ठ्या जगभरच्या अभ्यासकांना आजच फुकट पाहता आल्या पाहिजेत. वैद्यकाचा इतिहास लिहिणाऱ्याने ‘ज्वर’ शब्दासाठी पुढची शंभर वर्षे का थांबावे? आणि त्या डिजिटल नोंदीत ग्रंथाच्या नावाशेजारी तो ग्रंथ वाचून चिठ्ठ्या करणाऱ्याचे नाव असावे. आज काम करणाऱ्या सहायक संपादकांची नावेही नोंदीगणिक असावीत, म्हणजे बढतीच्या मुलाखतीत दाखवायला त्यांच्या हाती काही राहील.